शंकेची टिकटिक

प्रणोती मगदूम त्या दिवशी वर्गात जे बोलली ते तिला बोलता बोलताच सुचत गेलं होतं. ठरवून ती काही आली नव्हती. पण तिचं म्हणणं बऱ्याच जणांना पटलं आणि मतदान तिच्या बाजूनं झालं.

वर्ग मिरजेतला. जर्मनीतल्या इस्पितळांना आणि वृद्धाश्रमांना नर्सेस पुरवणाऱ्या एका एजन्सीनं तो सुरू केला होता. पंधरा मुली आणि जतकडचा बसवराज असे सोळा जण शिकत होते. सगळे नर्सिंग झालेले, सगळ्यांनी दोन-तीन वर्षं कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात काढलेली. शिकवायला पेठे मॅडम होत्या. पुण्याच्या एका कॉलेजात जर्मन शिकवून निवृत्त झाल्यावर त्या मिरजेला भावाकडे राहायला आल्या होत्या, आणि नुसतं बसवेना म्हणून हा वर्ग घेत होत्या.

त्या आठवड्यात एजन्सीनं प्रत्येकाला एक पट्टी दिली होती. जखमेवर लावतात तसल्या चिकटपट्टीएवढी, कातडीच्या रंगाची. ती गळ्याला, आवाजाच्या पेटीवर चिकटवायची आणि सोबतचा बारीकसा इअरपीस कानात घालायचा.

माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा आवाज फुटण्याआधीच मेंदूकडून घशाच्या आणि जिभेच्या स्नायूंकडे विजेचे सूक्ष्म संदेश निघालेले असतात. मनातल्या मनात बोललं तरी ते निघतात, फक्त क्षीण असतात. पट्टी हे संदेश टिपायची. तेवढ्यावरून अख्खं वाक्य कळणं शक्य नव्हतं, पण पट्टीमागच्या एआयला समोर कोण आहे, आधी काय बोलणं झालं, रुग्णाच्या फाइलीत काय लिहिलंय, हे सगळं ठाऊक असायचं. उरलेलं ते ताडायचं. नर्सनं मनात मराठीतून 'आजी, जरा कुशीवर' एवढं आणलं, की तिच्या कानात जर्मनमधलं पूर्ण, शुद्ध, अदबशीर वाक्य कुजबुजलं जायचं. तिनं ते ऐकता ऐकताच म्हणून टाकायचं. समोरच्याचं जर्मन तसंच मराठी होऊन कानात यायचं. चार दिवस सराव केला की मधला थांबा इतका कमी व्हायचा, की सहसा कुणाच्या लक्षातही येऊ नये.

ताडणारं यंत्र कधीतरी चुकणारच. म्हणून बनवणाऱ्यांनी त्यात एक सोय ठेवली होती. अर्थाची खात्री कमी असली की कानात बारीक टिक वाजायची. ही टिक बंदही करता यायची.

"वापराचे नियम तुम्ही ठरवायचे," पेठे मॅडम म्हणाल्या. "मी एजन्सीला तसं कळवलं आहे. भाषा तुम्ही शिकताय, रुग्णासमोर तुम्ही उभे राहणार आहात. तुमचं प्रत्येकाचं मत मला ऐकायचंय."

मतं निघाली. कुणी म्हणालं, परीक्षेत वापरणं म्हणजे सरळ कॉपी आहे. त्यावर दुसरी म्हणाली, परीक्षा मंडळानंच यंदापासून परवानगी दिलीय, मग कॉपी कसली? एकीला वाटत होतं की रुग्णाला आधी सांगायला हवं, की मी जे बोलतेय ते माझं एकटीचं नाही. बसवराज म्हणाला, "माझ्या घरात कन्नड. मराठी मी शाळेत मार खाऊन शिकलो. तेव्हा कुणी पट्टी दिली असती तर आनंदानं घेतली असती." वर्ग हसला.

मग निलोफर शिकलगार उठली. निलोफर आणि प्रणोती नर्सिंग कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. एका खोलीत राहिलेल्या, एकाच दवाखान्याच्या आयसीयूत कामाला लागलेल्या. जर्मनीचं खूळही दोघींच्या डोक्यात एकदमच शिरलं होतं.

"माझे दोनच मुद्दे आहेत," निलोफर म्हणाली. "एक, वर्गातला निम्मा सराव पट्टीशिवाय करायचा. दुसरा, पेशंटच्या खाटेजवळ टिकटिक कुणीही बंद करायची नाही. पट्टीला खात्री नसेल तर ते आपल्याला कळलंच पाहिजे."

टिकटिकीचं नाव निघताच वर्गात कुरकुर झाली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे कान किटले होते. दर दुसऱ्या वाक्याला टिक वाजायची.

तेव्हा प्रणोती उठली.

"चष्मा लावणाऱ्याला आपण म्हणतो का, की तुझं हे बघणं खरं नाही?" ती म्हणाली. "पेशंटला वेळेवर बरोबर वाक्य मिळतंय ना? मग ते कुठून आलं याच्याशी त्याला काय करायचंय? आणि टिकटिकीचं म्हणाल, तर समोर माणूस कण्हत असताना मी त्याच्याकडे लक्ष देऊ की कानातल्या टिकटिकीकडे? शंका आली तर आपण पुन्हा विचारूच की. आयसीयूत विचारत नव्हतो? ते आपलं काम आहे. ते यंत्राकडे कशाला सोपवायचं?"

पेठे मॅडमनी हात वर करायला सांगितले. निलोफरच्या बाजूनं तिच्यासकट तीन हात आले. टिकटिक ठेवायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, असा नियम झाला. निम्म्या सरावाचा मुद्दा तर कुणी पुन्हा काढलाही नाही.

संध्याकाळी दोघी नेहमीच्या गाड्यावर चहाला थांबल्या तेव्हा प्रणोतीनं विचारलं, "रागावलीस?"

"नाही गं. तू छान बोललीस." निलोफर कपातल्या चहाकडे बघत होती. "पण शंका आली तर विचारू म्हणालीस ना. टिकटिक बंद केल्यावर शंका यायची कुठून? पट्टी तर सगळं पूर्ण करूनच देते."

"तू फार विचार करतेस."

"असेल," निलोफर म्हणाली आणि तिनं दुसराच विषय काढला.

*

पुढच्या महिन्यांत वर्गाचे सरळ दोन भाग पडले. पट्टीवाले झरझर बोलू लागले. प्रणोती त्यांत सगळ्यांत पुढे. टिकटिक तिनं दुसऱ्याच दिवशी बंद केली होती. निलोफर मात्र पट्टी लावायचीच नाही. ती अडखळायची, क्रियापद भलत्या जागी टाकायची, चुकली की थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. संवादाच्या सरावाला तिच्याबरोबर बसायचं म्हणजे वेळ जायचा. पुढे पुढे प्रणोतीही दुसऱ्या कुणाबरोबर बसू लागली. तिनं तसं ठरवलं नव्हतं, पण परीक्षा जवळ आली होती.

एकदा पेठे मॅडमनी प्रणोतीला मागे थांबवलं.

"पट्टी काढ आणि काल काय काय केलंस ते मला जर्मनमध्ये सांग," त्या म्हणाल्या.

प्रणोतीनं पट्टी काढली. तिला 'काल' आठवलं, 'मी' आठवलं. पुढे काही येईना. गेले सहा महिने ती रोज तास-तासभर जर्मन बोलत होती, आणि आता तोंडात चार शब्द धड येत नव्हते. तिला हसू आलं, मग ती घाबरली.

"यात तुझा दोष नाही," मॅडम म्हणाल्या. "ऐकलेलं लगेच म्हणून टाकलं की ते कानातून जिभेवर येतं आणि तिथूनच निघून जातं. स्मरणात मुरायला त्याला सवड मिळत नाही. शब्द शोधताना जी ओढाताण होते ना, चुकतो, लाजतो, पुन्हा जुळवतो, त्यातच मेंदूत नवी वाट पडते. ती ओढाताण या पट्टीनं काढून घेतली आहे. रोज निदान तासभर तरी ती न लावता बोल. निलोफरशी बोल."

"हो मॅडम," प्रणोती म्हणाली. दोन दिवस तिनं तसं केलंही. पण सराव परीक्षेत तिला पहिला नंबर मिळाला, आणि मग ते राहून गेलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून दोन परीक्षक आले होते. दिवसभर पट्टीवाल्यांचं सफाईदार जर्मन ऐकून त्यांचे कान त्याला सरावले होते. निलोफर शेवटून दुसरी होती. ती आपल्या गतीनं बोलली. थोडक्या गुणांनी नापास झाली.

निकाल लागल्यावर प्रणोती तिच्या घरी गेली. निलोफरची आई चुलीवरचं काहीतरी ढवळत राहिली. निलोफरनंच तिला आत बोलावलं.

"पुढच्या बॅचला बसेन," ती म्हणाली.

"पट्टी लाव की गं यावेळी. नुसती परीक्षेपुरती."

"बघते."

"माझ्यामुळं झालं का हे?"

निलोफरनं बाजूला सरकून तिला बसायला जागा केली. मग म्हणाली, "तसं नाही. पण त्या दिवशी तू गप्प बसली असतीस ना, तरी मला बरं वाटलं असतं."

 प्रणोती घरी आली आणि बॅग भरायला लागली.

*

तिची नेमणूक दक्षिण जर्मनीत, श्वाबेन भागातल्या एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात झाली. टेकडीच्या उतारावर तीन मजली इमारत, खाली नदी, पलीकडे द्राक्षांचे मळे. मळे पाहून तिला तासगावची आठवण यायची. काम तिला आवडलं. हात आधीचेच तयार होते. उचलणं, वळवणं, पुसणं, भरवणं, सलाइन बघणं, या गोष्टींना भाषा फारशी लागत नाही, आणि लागली तर पट्टी होती. वॉर्डची प्रमुख ऊटे नावाची उंच, मितभाषी बाई होती. ती प्रणोतीवर खूश होती. "इतकं नेटकं जर्मन तर आमच्याकडच्या मुलीही बोलत नाहीत," असं ती एकदा म्हणाली, म्हणजे पट्टीनं तसं सांगितलं.

पट्टीतली मराठी मात्र प्रणोतीला गमतीची वाटायची. रेडिओवर बातम्या द्याव्यात तशी. सगळे म्हातारे तिच्या कानात 'कृपया' आणि 'आभारी आहे' म्हणत बोलायचे.

फ्राऊ ब्रेंडले, म्हणजे ब्रेंडलेबाई, तिच्याकडे आली ती दुसऱ्या वर्षी. पंचाऐंशीच्या पुढची, हाडापेरानं मोठी, एके काळी बेकरी चालवलेली बाई. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. फाइलीत नातलग म्हणून फक्त हॅम्बुर्गच्या एका पुतण्याचं नाव होतं. बेकरीमागच्या बागेत तिनं गुलाब लावलेले होते, हेही फाइलीत होतं, कारण तिथं प्रत्येकाची आवडनिवड लिहून ठेवायची पद्धत होती.

सहसा कुणाच्या लक्षात येत नसे ते तिच्या चार दिवसांत लक्षात आलं.

"तू आधी कुणाचं तरी ऐकतेस," ती एका सकाळी म्हणाली. "मग बोलतेस."

प्रणोतीनं तिला पट्टी दाखवली. फ्राऊ ब्रेंडलेनं ती बोटानं चाचपून पाहिली.

"काढ. मग मला काहीतरी सांग."

प्रणोतीनं ती काढली. खूप शोधून म्हणाली, "आज... ऊन. छान ऊन."

म्हातारी खदाखदा हसली. मग तिनं खिडकीकडे, कपाकडे, स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवत एकेक शब्द तिच्या गावच्या बोलीत सांगितला आणि प्रणोतीकडून म्हणवून घेतला. ही बोली पुस्तकातल्या जर्मनपेक्षा निराळी होती. शब्दांची शेपटं गळालेली, मधेच 'श' घुसलेला. काही दिवस हा खेळ चालला. प्रणोतीला सात-आठ शब्द यायला लागले. पण सकाळी तेरा जणांची अंघोळ आणि नाश्ता उरकायचा असायचा. पट्टी काढून बोलायला वेळ पुरेना. "उद्या," असं ती म्हणायची, आणि तो शब्द मात्र ती पट्टीशिवाय म्हणायची.

त्याच सुमारास निलोफरही जर्मनीत आली. तिसऱ्या खेपेला ती पास झाली होती, तीही पट्टी न लावता. तिचं इस्पितळ लांब उत्तरेत, ब्रेमेनच्या बाजूला होतं. दोघींचं फोनवर बोलणं सुरू झालं, आधी जरा जपून, मग पहिल्यासारखं. एका रविवारी निलोफर म्हणाली, "मी आता पट्टी लावते, माहितीये?"

"तू?"

"एकदा पंधरा थेंब सांगितलेले मी पन्नास ऐकले. जर्मनमधले ते दोन आकडे सारखेच ऐकू येतात. दुसऱ्या सिस्टरनं पाहिलं म्हणून निभावलं. त्या पेशंटला काही झालं असतं म्हणजे?" निलोफर म्हणाली. "म्हणून औषधं देताना लावते. टिकटिक चालू ठेवून. एरवी काढते."

"मग माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं," प्रणोती म्हणाली.

"अगदीच नव्हतं," निलोफर म्हणाली.

*

फेब्रुवारीत फ्राऊ ब्रेंडलेला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा अर्धी राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, काही आठवडे. पुतण्या येऊन कागदांवर सह्या करून गेला.

शब्द आता तिच्या तोंडातून लडबडत यायचे, आणि तेही फक्त बोलीतले. पुस्तकी जर्मन जणू आधीच निघून गेलं होतं. पट्टीला असलं बोलणं फारसं कधी ऐकायला मिळालेलं नव्हतं. तिच्या शिक्षणात स्वच्छ उच्चारांची, प्रमाण जर्मनचीच भर होती. पण ती अडायची नाही. जे तुकडे मिळतील ते घ्यायची, फाइलीतली माहिती त्यांना जोडायची आणि सगळ्यांत संभवनीय वाक्य प्रणोतीच्या कानात ठेवायची.

एका दुपारी फ्राऊ ब्रेंडलेनं तिचं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं आणि काहीतरी सांगितलं. कानात आलं, "कृपया गुलाब आणा."

प्रणोतीला बरं वाटलं. मागितलं ते देता येण्याजोगं होतं. ड्यूटी संपल्यावर ती गावातल्या दुकानातून पिवळे गुलाब घेऊन आली आणि खाटेजवळच्या टेबलावर ठेवले. म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग प्रणोतीकडे पाहिलं. पुन्हा तेच म्हणाली.

"कृपया गुलाब आणा."

"हे काय, आणलेत की," प्रणोतीनं कानातल्या कुजबुजीमागून जर्मनमध्ये म्हटलं आणि फुलदाणी जवळ सरकवली. म्हातारीनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दिसत नसतील म्हणून प्रणोतीनं एक फूल काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते पांघरुणावर टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी लाल गुलाब आले. मग पांढरे. ऊटेनं विचारलं तेव्हा प्रणोतीनं सांगितलं, की त्यांना गुलाब हवेत, पण रंग मनासारखा सापडत नाही. ऊटेनं ते नोंदवहीत लिहिलं. सकाळपाळीची मुलगीही येताना कुंडीतलं एक रोपटं घेऊन आली. सगळा वॉर्ड गुलाबांच्या मागे लागला. बोली ज्यांची स्वतःची होती ते लोकही फ्राऊ ब्रेंडलेला काय हवंय ते आता तिच्या तोंडून ऐकत नव्हते, कारण उत्तर आधीच मिळालेलं होतं. आणि तिचा आवाजही खोल जात चालला होता. तोंडाशी कान नेऊनच ऐकावा लागायचा, आणि तिथं कान प्रणोतीचा असायचा, त्यात इअरपीस.

शेवटचे दोन दिवस ती एकच शब्द म्हणत होती. पट्टी दर वेळी त्याचं एकच भाषांतर देत होती. गुलाब.

ती गेली तेव्हा खोलीत चार फुलदाण्या होत्या.

*

खोली रिकामी करायचं काम प्रणोतीकडे आलं. ती कपाट आवरत असताना दार वाजलं. दारात एक म्हातारी उभी होती. ठेंगणी, ओव्हरकोट घातलेली, हातात काठी. चेहऱ्याची ठेवण तीच, हनुवटी तीच.

"मी रोझल," ती म्हणाली. "तिची बहीण."

पट्टीनं नाव नावासारखंच कानात दिलं, कारण आपली ओळख करून देणारं साधं, स्पष्ट वाक्य होतं ते. प्रणोतीनं मात्र त्या बाईच्या ओठांतून निघालेला मूळ आवाज ऐकला आणि तिच्या हातातली घडी केलेली शाल तशीच राहिली.

गुलाबांना जर्मनमध्ये 'रोझन' म्हणतात. म्हातारीची जीभ जड झालेली, शेवटचं अक्षर अर्धवट. 'रोझल आण' असं बोलीत म्हटलं तर ते 'गुलाब आण' याच्या इतकं जवळ येतं, की जिच्या फाइलीत बाग आहे आणि बहीण नाही अशा बाईच्या बाबतीत कुठलंही यंत्र गुलाबच म्हणेल. पण खात्रीनं म्हणणार नाही. टिकटिक चालू असती तर ती त्या आठवड्यात सारखी वाजली असती.

रोझल खुर्चीत बसली. तिनं सांगितलं ते पट्टी कानात देत गेली. नदीपलीकडच्याच गावात ती राहायची. आईच्या घरावरून दोघींत वाजलं होतं, त्याला आता कित्येक वर्षं झाली होती. पुतण्यानं काल कळवलं. आजारी आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. तिनं खोलीभर पाहिलं, फुलदाण्या पाहिल्या.

"तिला गुलाब आवडायचे," ती म्हणाली. मग काठीची मूठ दोन्ही हातांनी धरून तिनं विचारलं, "माझं नाव काढलं का तिनं कधी?"

प्रणोतीच्या मनात 'हो' आलं, पुढचं काही यायच्या आत कानात वाक्य तयार झालं. नातलगांशी बोलण्याच्या हजारो प्रसंगांतून घासून गुळगुळीत झालेलं, दिलासा देणारं वाक्य. 'अखेरचे दिवस त्या शांत होत्या. त्यांना कसलाही त्रास झाला नाही.' नुसतं म्हणून टाकायचं होतं. रोझलही ते ऐकून घरी गेली असती.

प्रणोतीनं कानातला इअरपीस काढला. गळ्याची पट्टी ओढून काढली. तिथली कातडी चुरचुरली.

"हो," ती जर्मनमध्ये म्हणाली. मग शब्द शोधायला लागली. रोझल थांबून राहिली.

"ती म्हणाली, रोझल. रोज म्हणाली. रोझल आण. मी... समजले नाही. मी चूक. मी गुलाब आणले."

क्रियापदं जागेवर नव्हती. 'आणले' तिनं बहुतेक चुकीच्या काळात म्हटलं. पण बोलीतला 'आण' तिला येत होता, फ्राऊ ब्रेंडलेनं कपाकडे बोट दाखवत शिकवलेला, आणि तो तिनं जसाच्या तसा म्हटला.

रोझल हलली नाही. तिनं पुन्हा एकदा फुलदाण्यांकडे पाहिलं, एकेक करून चारींकडे. मग ती उठली, प्रणोतीजवळ आली. तिचा चेहरा रडवेला नव्हता आणि रागावलेलाही दिसत नव्हता. तिनं प्रणोतीच्या दंडावर हात ठेवला आणि बहिणीच्याच बोलीत, हळू आवाजात, काहीतरी सांगितलं. दोन वाक्यं असतील, फार तर तीन. मग ती काठी टेकत निघून गेली.

प्रणोतीला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही.

*

रविवारी तिनं निलोफरला सगळं सांगितलं. निलोफरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मागे कुठेतरी तिच्या स्वयंपाकघरात कुकर शिट्टी देऊन थांबला.

"आश्रमात सांगितलंस?" तिनं शेवटी विचारलं.

"ऊटेला सांगितलं. आता आमच्याकडे टिकटिक बंद करता येणार नाही, असा नियम झालाय. ती मला रागावली नाही. 'मीही ते नोंदवहीत लिहिलं होतं,' इतकंच म्हणाली."

"आणि ती बहीण काय म्हणाली?"

"तेच तर. माहीत नाही."

"जाऊन विचार तिला. पलीकडच्याच गावात राहते ना?"

"काय विचारू?" प्रणोती म्हणाली. "तुमची बहीण मरताना तुम्हाला बोलवत होती ते मला कळलं नाही, आणि तुम्ही मला काय म्हणालात तेही कळलं नाही, पुन्हा सांगा?"

निलोफरनं कुकर खाली उतरवला. मग म्हणाली, "आवाज तरी सांग. जसा आठवतो तसा. मी बघते."

प्रणोतीनं डोळे मिटून प्रयत्न केला. सुरुवातीला एक 'श' होता. मधे काहीतरी लांबलेलं. शेवटी एक शब्द दोनदा आला होता, किंवा एकसारखे दोन शब्द. तिनं ते तोंडानं करून दाखवायचा प्रयत्न केला, पण जे तिच्या तोंडातून निघालं ते कुठल्याच भाषेचं नव्हतं.

"'आता राहू दे' असं काही होतं का?" निलोफरनं विचारलं आणि ते जर्मनमध्ये म्हणून दाखवलं.

"हो. असेल. तसंच वाटतंय."

"की, 'तुला कळायला हवं होतं'?" तिनं तेही म्हणून दाखवलं.

प्रणोतीनं ऐकलं. "तेही असेल," ती म्हणाली. "तसंही वाटतंय."

"मी काहीही म्हटलं तरी तुला तसंच वाटणार."

"तू ऐकलं असतंस तर तुला कळलं असतं. तुला काय वाटतं, काय म्हणाली असेल? सांग ना, निलू. अंदाजानं सांग."



"मला नाही माहीत," निलोफर म्हणाली. "मी तिथं नव्हते, प्रणोती. मला खरंच माहीत नाही."

"बरं," प्रणोती म्हणाली. फोन दोघींनीही ठेवला नाही. निलोफरनं मग तिला जेवलीस का विचारलं, आणि प्रणोती नाही म्हणाली.